घरगुती छंद : पेटीतील छायाचित्रे

गेल्या मार्गशीर्षात मोहगावच्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत उतरवावी लागली. माळ्यावरचे सामान खाली काढताना एक पत्र्याची पेटी निघाली. वर जुनी पंचांगे, मध्ये सारापावत्यांची पुडकी आणि अगदी तळाशी मेणकापडात गुंडाळलेली छायाचित्रे. मोजली तेव्हा चौसष्ट भरली. ती ओसरीवर मांडून आम्ही चौघे भावंडे बसलो. दिवेलागणीपर्यंत एकोणीस चित्रांतील माणसांची नावे लागली. उरलेल्या पंचेचाळीस चित्रांतील माणसे आमच्याकडे पाहत होती आणि आम्ही त्यांच्याकडे. परंतु ओळख पटत नव्हती.

या सदरातून कौटुंबिक छायाचित्रणाच्या छंदाविषयी लिहावे, अशी सूचना काही वाचकांकडून पूर्वीच आली होती. ती मी पुढे ढकलीत होतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, लहान मुलेही सराईतपणे फोटो काढतात. त्यांना आणखी काय सांगावयाचे, असे वाटे. या पेटीने तो विचार बदलला. फोटो काढणे ही या छंदाची निम्मीच बाजू आहे, आणि दुसरी बाजू आपण जवळजवळ सोडून दिली आहे, हे त्या संध्याकाळी ध्यानी आले.

पेटीतील बहुतेक चित्रे वडिलांनी काढलेली. नागपूरला सीताबर्डीवर त्यांनी एक 'आग्फा क्लिक थ्री' घेतला होता. आमच्या पिढीतील वाचकांना तो काळा, हलका, डब्यासारखा कॅमेरा आठवत असेल. त्यात १२० क्रमांकाची फिल्म बसे आणि एका गुंडाळीत बारा चौकोनी चित्रे निघत. पाठीमागे तांबड्या काचेची एक लहानशी खिडकी असे. खुंटी फिरविताना तीतून फिल्मच्या कागदावरचे आकडे सरकताना दिसत. उन्हाची आणि ढगांची अशा खुणा असत, त्यांपैकी एक निवडावयाची. बाकी सारे सूर्यनारायणावर सोपविलेले. बारा चित्रांचा एक रोल आमच्या घरी वर्षभर पुरे. पोळ्याची दोन, दिवाळीची तीन, संत्र्याच्या बागेत पाहुण्यांसमवेत एखादे, कुणाच्या मुंजीचे वा लग्नाचे चार. खटका दाबण्यापूर्वी वडील इतका वेळ लावीत की उभी केलेली माणसे अवघडून जात. जुन्या चित्रांतील चेहरे गंभीर दिसतात, त्याचे निम्मे कारण हेच असावे.

माझ्या हातून एक अपराध घडला, तो येथे सांगणे प्राप्त आहे. मी नऊ वर्षांचा असेन. रोल अकराव्या चित्रापर्यंत आला होता आणि ते अकरावे चित्र आजीचे होते. आजीला फोटो काढून घेणे मुळीच पसंत नसे. त्या वर्षी मात्र दिवाळीच्या पाडव्याला ती तुळशीवृंदावनाजवळ पाटावर बसली आणि "काढा बाबा एकदाचा," असे म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, आत फोटो तयार झाले आहेत का ते पाहावे, म्हणून मी अंगणात कॅमेऱ्याचे झाकण उघडले. नुसते उघडून थांबलो असतो तरी फारसे बिघडले नसते. कारण या फिल्मच्या पाठीस काळा कागद असतो आणि तो पुष्कळसा प्रकाश अडवितो. पण मी गुंडाळीचे दोन-तीन वेढे उलगडून पाहिले. गुंडाळीत आधीची चित्रे आत आणि शेवटची सर्वांत बाहेर असतात. रोल धुऊन आला तेव्हा पहिली सहा चित्रे शाबूत होती, सातव्याची कड जळाली होती आणि पुढची पट्टी सबंध काळीठिक्कर. आजी त्याच फाल्गुनात गेली. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत; पण ती काळी पट्टी त्यांनी टाकूनही दिली नाही. पेटीत ती एका पाकिटात स्वतंत्र ठेवलेली सापडली.

आता थोडे इतिहासाकडे वळू. छायाचित्रण हा साहेबांचा किंवा संस्थानिकांचाच छंद होता, अशी समजूत आहे. ती संपूर्ण खरी नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून त्या काळी फोटो काढीत. आपल्या इंदूरच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट लाला दीनदयाळ यांची. ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती धरला तो हौसेखातर. पुढे त्यांनी तोच व्यवसाय केला, हैदराबादच्या निजामाच्या पदरी गेले आणि 'राजा' ही पदवी मिळविली. माळव्यात जुळलेला एका नोकरदाराचा छंद दक्षिणेत असा फळास आला.

परंतु छायाचित्रण हे सबंध घराचे काम कसे होऊ शकते, याचे खरे उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या घरी पाहावयास मिळते. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सारे ओळखतात. पण ते मुळात छायाचित्रकार होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालविलेले. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदारांना आपली करामत दाखवावी म्हणून त्यांनी काय टिपले? कुंडीतला वाटाणा! रोज थोडे थोडे चित्रण करीत सुमारे महिनाभर त्यांनी त्या अंकुराची वाढ टिपली, आणि पडद्यावर तो वेल पाहता पाहता मोठा झाला. कच्ची फिल्म त्या वेळी कडेला छिद्रे न पाडलेली येई. ती छिद्रे अंधाऱ्या खोलीत बसून पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत, फिल्म धुण्यासही हात लावीत, आणि एवढ्या मोठ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र; १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. कर्जाचे ओझे आणि दागिने गहाण टाकणे हेही त्या संसारात होते, तेव्हा त्याला निव्वळ हौस म्हणता येणार नाही. पण घरातील प्रत्येकाचा हात एका कामास लागला होता, एवढे खरे.

त्या वाटाण्याच्या कुंडीवरून एक गोष्ट मी माझ्या नातवंडांना करावयास लावली आहे. बागेतील संत्र्याचे एक झाड त्यांनी निवडले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच दगडावर उभे राहून, त्याच वेळी त्याचा एक फोटो काढावयाचा. आंबिया बहाराचे झाड असल्याने माघात पांढरी फुले, उन्हाळ्यात गोटीएवढी हिरवी फळे आणि दिवाळीच्या आसपास केशरी रंग. यंदा वैशाखातील वादळाने एक मोठी फांदी मोडली, तीही ओळीत बरोबर आली. शेजारी दरवेळी धाकटी नात उभी राहते. झाडापेक्षा तीच झपाट्याने वाढली आहे!

अशा चित्रांना खर्च नाही. महागड्या कॅमेऱ्याचीही गरज नाही. प्रकाश कसा पाहावा, एवढे मात्र मुलांना शिकवावे. आपल्याकडील वैशाखाच्या भर दुपारी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा दिसतात. त्याच माणसाला ओसरीच्या कडेला, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून बसविले, तर सुरकुतीन् सुरकुती जिवंत होते. वृद्ध माणसांचे फोटो खिडकीजवळ काढावे आणि दिव्याचा झोत त्यांच्या डोळ्यांवर मारू नये. समूहचित्रात फोन अगदी जवळ धरला तर कडेच्या माणसांचे चेहरे ताणल्यासारखे होतात. चार पावले मागे सरकावे. आणि माणूस बेसावध असताना, हाती काम असताना काढलेला फोटो पुष्कळदा बरा येतो. आमच्या पेटीतील सर्वांत सुंदर चित्र कुणाच्याही लग्नातील नाही. ते काकूचे आहे, जात्याशी बसलेली, पदर डोक्यावर, आणि "हे काय आता?" अशा नजरेने कॅमेऱ्याकडे पाहणारी.

रोजचे ते कुणी टिपत नाही, याची एक खंत मनात आहे. सौसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी, अडीच फुटी रुळांवरची, आमच्या पिढीचे सारे येणे-जाणे जिने केले ती, २०१५ च्या अखेरीस रुंद रुळांच्या कामासाठी बंद झाली. आमच्या घरातील चारही पिढ्या तिच्यातून हिंडल्या. लग्नाची वऱ्हाडे तिने नेली, नागपूरच्या दवाखान्यात रोगी तिने पोचविले. आणि चौसष्टांपैकी एकाही चित्रात ती नाही. गाडी काय, उद्याही येणारच होती! आता मुलांना ते लहानसे डबे दाखवावयाचे तर नागपूरला मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात न्यावे लागते. जरूर न्यावे, तेथे फोटोही काढावे. पण आपल्या फलाटावर, आपल्या माणसांसह तो फोटो आता होणे नाही.

प्रवासातील फोटोंविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याबाबत उत्साह सर्वांनाच असतो. पचमढीला धूपगडावर सूर्यास्त पाहावयास जमलेली माणसे सूर्याकडे पाठ करून उभी असतात, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. सूर्यास्ताची उत्तम चित्रे विकत मिळतात. आपण टिपावे ते आपल्याच प्रवासाचे: गाडीत सोडलेला दशमीचा डबा, धर्मशाळेच्या ओट्यावर वाळत घातलेले कपडे, रामटेकच्या पायऱ्यांवर धाप लागून बसलेले काका. अजिंठ्याच्या लेण्यांत झोतदिव्याने फोटो काढण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तेथील रंग आपल्या अल्बमहून मोलाचे आहेत. देवळातही तारतम्य हवे. आमच्या मोहगावी सर्पा नदीकाठी अर्धनारीश्वराचे स्थान आहे, जवळच जामसावळीचा निद्रिस्त हनुमान. गाभाऱ्यात फोन उंचावण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे, आणि कुणी डोळे मिटून हात जोडून उभे असेल तर त्याच्या तोंडासमोर तर फोन मुळीच नेऊ नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात, तरी दोन्ही काठांवर फोन उंचावलेलेच असतात. त्याच दिवशी गल्लीगल्लीत लहान मुले लाकडी नंदी सजवून तान्हा पोळा साजरा करीत असतात. मला विचाराल तर त्या दिवशीचा कॅमेरा मी तिकडे वळवीन. ज्यांना हे पटणार नाही त्यांचा राग मी समजू शकतो.

आता त्या पंचेचाळीस चित्रांकडे येतो.

आमच्या आत्याबाई पांढुर्ण्याला धाकट्या मुलाकडे असतात. वय एक्याण्णव. कालचे जेवण आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसले होते ते आठवते. पुढच्याच रविवारी चित्रे घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. नातसुनेने फोनवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, मी वहीत क्रमांकवार टिपत गेलो. आत्याबाई प्रत्येक चित्र डोळ्यांशी नेत, अंगठा एकेका चेहऱ्यावर ठेवीत आणि नाव घेत. नुसते नाव नव्हे. कुणाची कोण, कुठे दिलेली, कशाने गेली, कुणाशी अबोला होता, सारे. एक माणूस आमच्या आजोबांचा मित्र निघाला. १९५६ साली राज्ये बदलली, विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो, तेव्हा तो नोकरीपायी अमरावतीस गेला, आणि पुढे दोन घरांचे जाणे-येणे तुटले. दोन बैठकींत छत्तीस चित्रे उलगडली. तिसऱ्या बैठकीस त्या थकल्या होत्या. हे काम आम्ही पाच वर्षांपूर्वी केले असते तर काय काय निघाले असते, हा विचार मी करीत नाही, करवत नाही.

त्या बैठकीतच आणखी एक गोष्ट उमगली. एवढ्या चित्रांत वडील कुठेच नव्हते. कॅमेरा ज्याच्या हाती, तो चित्राबाहेर! ते वारले तेव्हा हार घालण्यासाठी फोटो हवा होता, तो शाळेतील शिक्षकांच्या समूहचित्रातून कापून मोठा केला होता आणि तो इतका अस्पष्ट होता की आईने पुढे तो भिंतीवरून उतरविला. आत्याबाईंनी मात्र तान्ह्या पोळ्याच्या चित्रावर अंगठा टेकला. मुले लाकडी बैल धरून उभी आहेत आणि त्यांच्या पायांशी जमिनीवर एक लांब सावली पडली आहे; दोन्ही कोपरे वर उचललेली. ऊन नेहमी पाठीशी घ्यावे, हा त्या काळचा दंडक. "हा दादा होय ना," त्या म्हणाल्या. मी ते चित्र लहानपणापासून पाहत आलो होतो. ज्या घरात एकच व्यक्ती फोटो काढते, त्यांनी वर्षातून चार वेळा तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा. पुष्कळ घरांत ती व्यक्ती आज आई असते.

नावे लिहिण्याची रीत सांगतो. जुन्या कागदी फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहावे. शाईचा पेन नको. ती पुढे उमटते. अलीकडच्या गुळगुळीत रंगीत फोटोंवर पेन्सिल चालत नाही, त्यांना स्वतंत्र चिठ्ठी करावी. "मी, मामा व मंडळी" असे लिहू नये. पन्नास वर्षांनी 'मी' कोण हेच कळत नाही. आमच्याकडे अशी सात चित्रे आहेत. पूर्ण नाव, नाते, गाव, साल. आमच्या चित्रांच्या पाठी पाहिल्या तर घराचाच इतिहास दिसतो: आजोबांच्या काळची दोन मोडीत, वडिलांची बाळबोध मराठीत, आमच्या पिढीची शाळेच्या सवयीने हिंदीत, आणि मुलांच्या फोटोंना काहीच नाही. महाराष्ट्राबाहेरच्या घरांनी या चार ओळी तरी मराठीत लिहाव्यात, असा माझा आग्रह आहे. आतेभाऊ, मावसबहीण, चुलतसासरे ही नाती दुसऱ्या भाषेत एका शब्दात मावत नाहीत.

जतनाचे म्हणाल तर आपला खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत फोटोवर बुरशी धरते, आणि काचेला टेकलेला फोटो काचेलाच चिकटतो. असा चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेवरूनच त्याची प्रत टिपावी. चौकटीत काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी घालावी. चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले जे अल्बम एके काळी फार खपले, त्यांतील फोटो शक्य तितक्या लवकर बाहेर काढावे. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोही खातो. खालून बारीक शिवणदोरा सरकवीत नेला तर बहुधा सुटतात. रंगीत फोटो तांबूस होत चालले असतील तर त्यांतील निळसर रंग उडत आहे, असे समजावे. त्यांच्या प्रती प्रथम कराव्यात. कृष्णधवल चित्रे त्या मानाने चिवट. आमची माळ्यावरही टिकली.

प्रत टिपण्यास फोन पुरतो. फोटो सपाट ठेवावा, दाराजवळ पण उन्हात नाही, आणि फोन त्याच्याशी समांतर धरावा. पाठीवर लिहिलेले असेल तर पाठीचाही फोटो घ्यावा. हे हमखास विसरते. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठविलेले चित्र लहान होते आणि ते केव्हा काढले ही आतील नोंदही पुसली जाते. म्हणून जतनाची प्रत 'डॉक्युमेंट' करून पाठवावी. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी नातलगाकडे, एक महाजालावरच्या साठ्यात. माझ्या एका पुतण्याचा फोन प्रवासात हरवला. त्यात त्याच्या मुलीची पहिली दोन वर्षे होती. माझ्या काळ्या पट्टीहून ते नुकसान कमी नव्हे. आणि दरसाल दिवाळीला, वर्षाच्या हजारो चित्रांतून घरातील सर्वांनी मिळून बारा निवडावी आणि कागदावर छापून घ्यावी. एका रोलमध्ये मावत तितकीच. निवडताना भांडणे होतात. आमच्याकडे गेल्या वर्षी तीन रात्री चालली.

आमच्या पंचेचाळीसांपैकी नऊ चित्रे अजून अनोळखीच आहेत. त्यांतील एकात विहिरीच्या काठावर एक तरुण स्त्री घागर टेकवून उभी आहे, हसते आहे. आत्याबाईंनी ते चित्र बराच वेळ हातात धरले, उजेडाकडे वळविले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"ही कोण, ते नाही येत रे बाबू ध्यानात," त्या म्हणाल्या, "पण लुगडं माझं होय."